उपाशीपोटी आलेले पहिलवान

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा लॅबचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं, हातही चांगला बसलेला होता. नव्हती ती फक्त हिंदी. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की सासूबाई मला सांगायच्या, "अगं, दूध उफणून राहिलं आहे, गॅस बंद करून दे." मला वाटलं, एवढी हिंदी मराठीतच मिसळलेली आहे तर बाहेरही निभेल. फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर एक लॅब आहे. तिथे रक्त घ्यायच्या कामावर मी लागले, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की शीर सापडते पण शब्द सापडत नाही.

लॅब एका डॉक्टरबाईंची. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. बाहेर पेशंटसाठी बाकडं, मग पडद्याआड माझी खुर्ची-टेबल आणि आत काचेच्या दारामागे मॅडम आणि त्यांची मशिनं. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं बाकड्यावर बसतात. खालून पोह्यांचा आणि जिलबीचा वास वर येत असतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे जरा रागावलेलेच असतात.

अशाच एका सकाळी एक पहिलवान आले. पासष्टीच्या पुढचे असतील. कुस्त्यांमध्ये चुरगळून गेलेले कान, मानेचा पत्ताच नाही, पांढरा कुर्ता-पायजमा. तरुणपणी त्यांनी पुष्कळ मैदानं मारली होती, आणि आता माधव नगरकडून रोज पहाटे आखाड्यात जाऊन पोरांना शिकवत होते. त्यांच्या मागून त्यांची बायको आली. एवढीशी, त्यांच्या कोपराला लागेल इतकी उंची, डोक्यावर पदर. बोलली मात्र तीच.

"दो बार सीढ़ी से वापस गए हैं," ती मला म्हणाली. "सुई से डरते हैं. आज मैं पीछे चढ़ी हूँ, उतरने का रास्ता ही नहीं रखा."

पहिलवानांनी छताकडे पाहिलं. कपाळावर घाम आलेला होता. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगून महिने झाले होते म्हणे.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. कुर्त्याची बाही घट्ट होती. मला दंडाला पट्टा बांधायचा होता, म्हणून बाहीतून हात बाहेर काढायला सांगायचं होतं. मी आपली मराठी जशीच्या तशी हिंदीत घातली.

"पहलवानजी, दंड निकालिए."

ते माझ्याकडे बघत राहिले. "यहाँ?"

"हाँ, यहीं. खून लेने से पहले निकालना पड़ता है."

"कितने?"

मला वाटलं, दोन्ही हात दाखवू का म्हणून विचारताहेत. "एक बस है," मी म्हणाले.

"एक?" त्यांचा चेहराच बदलला. भीती गेली आणि अपमान दिसायला लागला. "बेटी, एक से क्या होगा?"

ते उठले, चपला काढल्या, कुर्ता कमरेला खोचला आणि माझ्या टेबलासमोरच्या फरशीवर हात टेकून सपासप जोर काढायला लागले. मराठीत जोर म्हणतात तेच हिंदीत दंड, आणि मराठीतला दंड म्हणजे तिकडची बाँह, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मी हातात पट्टा धरून उभी. पडदा बाजूला करून बाकड्यावरची माणसं डोकावायला लागली. कुणीतरी "वाह पहलवानजी!" म्हणालं, तसा त्यांना आणखी चेव आला.

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. "ये क्या हो रहा है?"

"आपकी लड़की ने कहा है," पहिलवान खालूनच म्हणाले. "जाँच से पहले निकालने पड़ते हैं."

मी माझ्या दंडावर हात ठेवून रडवेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मैंने ये निकालने को कहा था. ये."

मॅडमना कळायला क्षणभर लागला. मग त्या काचेच्या दाराला धरून हसल्या. पहिलवानांची बायको पदर तोंडात धरून हसत होती, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले ते स्वतः पहिलवान. फरशीवरच मांडी घालून बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. माझे कान तापले होते, पण त्या हसण्यात मला हिणवणारं काही नव्हतं. मग मलाही हसू फुटलं.

मॅडम म्हणाल्या, एवढी मेहनत झाल्यावर लगेच रक्त नको, जरा वेळ शांत बसू दे. म्हणून दोघांना बाकड्यावर बसवलं. पहिलवान शेजारच्यांना झालेला प्रकार रंगवून सांगायला लागले. बायकोनं पदराची गाठ सोडली आणि चिमूटभर काहीतरी काढून तोंडात टाकलं. कुटूकुटू आवाज यायला लागला. आत जाता जाता मॅडम थांबल्या.

"अम्मा, क्या खा रही हैं?"

"चावल," ती म्हणाली.

"कच्चे?"

"आदत है. मेरा तो उपवास नहीं है न, जाँच इनकी है."

मॅडम तिच्याजवळ बसल्या. तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली. थकवा येतो का, जिना चढताना दम लागतो का, असं हळू आवाजात विचारलं. प्रत्येक प्रश्नाला ती मालवीत एकच उत्तर देत होती, "म्हारे कई नी हुयो." मला काही झालेलं नाही. पण मघाशी जिना चढून आल्यावर ती भिंतीला धरून उभी राहिली होती, ते मीही पाहिलं होतं.

"इनका भी खून देख लेते हैं," मॅडम म्हणाल्या.

ती चटकन उभी राहिली. "मेरा क्यों? मैं तो लाने आई हूँ." आणि जिन्याकडे निघाली.

पहिलवानांनी रंगात आलेला किस्सा अर्धाच सोडला. ते उठून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या देहानं सगळं दारच भरून गेलं. मग मला म्हणाले, "बेटी, पहले मेरा ले. ये देखे, फिर ये देगी."

खुर्चीत बसून त्यांनी घट्ट बाहीतून हात आपणहून बाहेर काढला. मी पट्टा बांधला. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते, बहुतेक महाकालचं नाव चाललं होतं. शीर दोरखंडासारखी वर आलेली, चुकायचा प्रश्नच नव्हता. नळी भरली, मी कापूस दाबला.

"हो गया."

"हो गया?" त्यांनी एक डोळा उघडला. "इसके लिए मैं दो बार भागा?"

मग तिची पाळी. हात हातात घेतला तर तो गार, आणि शीर केसाएवढी. मी कोमट पाण्याच्या बाटलीनं हात शेकला, मूठ उघडमीट करायला लावली. पहिलवान तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. तिनं तोंड फिरवलं होतं, पण ते मात्र बघत होते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त हळूहळू चढत होतं ते शेवटपर्यंत बघत राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, पण ते हलले नाहीत.

संध्याकाळी रिपोर्ट न्यायला ते एकटेच आले. त्यांची साखर वाढलेली होती, पण फार नाही. बायकोचं हिमोग्लोबिन मात्र इतकं कमी होतं की मॅडमनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. अंगात लोह कमी पडलं की कच्चे तांदूळ खायची अशी ओढ लागते, असं त्या समजावत होत्या. बाहेर आले तेव्हा ते माझ्यापाशी थांबले.

"चालीस साल से मुझे बादाम घोटकर पिला रही है," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं. तिला मूळव्याध होती, रक्त जात होतं, आणि लाजेपोटी तिनं वर्षानुवर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला नाही की सुनेला नाही. छोटं ऑपरेशन झालं. लोहाच्या बाटल्या चढवल्या तेव्हा प्रत्येक वेळी पहिलवान पलंगाशेजारी बसून असायचे, आणि सुई लावायला आलेल्या नर्सला म्हणायचे, "आराम से."

हे तिनं सांगितलं ते सहा-सात महिन्यांनी, पुन्हा तपासणीला आली तेव्हा. गालावर रंग आला होता. जिना चढून आली आणि सरळ खुर्चीत येऊन बसली. पदराला गाठ नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "अब चावल मुँह में रखूँ तो कंकड़ लगता है. पता नहीं कैसे खाती थी."

घरी मी हा सगळा किस्सा पहिल्याच दिवशी सांगितला होता. सासूबाई तेव्हा भाजी निवडत होत्या. त्या इतक्या हसल्या की मेथीची जुडी मांडीवरून खाली गेली. मग रोज दुपारी चहाच्या वेळी त्यांनी मला हिंदी शिकवायला घेतली. "शिक्षा म्हणजे काय?" "पनिशमेंट." "नाही गं बाई, शिक्षण!" माझी हिंदी सुधारली, आणि आम्हा दोघींचं जे थोडं अवघडलेपण होतं तेही त्या चहात कुठंतरी विरघळून गेलं.

गेल्या आठवड्यात सकाळी लॅब उघडली तर बाकड्यावर पाच-सहा बायका ओळीनं बसलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, सगळ्या घाबरलेल्या. मध्ये पहिलवानांची बायको. जाऊबाई, शेजारणी, समोरच्या घरची नवी सून अशा सगळ्यांना ती घेऊन आली होती.

"किसी को कुछ नहीं हुआ है," ती मला म्हणाली. "पर सबका देख ले."

पहिली कोण, यावरून त्यांच्यात ढकलाढकली सुरू झाली. मी हात धुतले आणि पडदा बाजूला केला.