सेंटर हाफसाठी खुर्ची

माझ्या साडभाऊंनी आपल्या हयातीत हिंदुस्थानातले निदान तीनशे फुटबॉल खेळाडू गोंदियाला आणले. त्यांतला प्रत्यक्षात आला एक. बाकीचे सगळे माझ्या ओसरीवर आले, तिथेच खेळले, तिथेच जायबंदी झाले आणि तिथूनच त्यांना काढून टाकण्यात आलं. मी शाळामास्तर माणूस. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून घरी यावं, पायांवर पाणी घ्यावं आणि घटकाभर गप्प बसावं, एवढीच माझी संध्याकाळकडून अपेक्षा असे. पण फाटक लोटलं की बाजेवर मांडी घालून बसलेले साडभाऊ दिसत, आणि मी चपला काढायच्या आत प्रश्न येई, "मंग मास्तर, राइट आऊटचं काय करता?" जसा काही राइट आऊट माझ्या खिशात होता आणि मीच मेला तो बाहेर काढत नव्हतो.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तांदळाच्या गिरणीत काटेबाबू होते. बैलगाड्यांतून धानाची पोती आली की ती काट्यावर चढवून घ्यायची, एवढं त्यांचं काम. गिरणीच्या शेठजींना फुटबॉलचा नाद होता आणि गावचा क्लब त्यांच्याच आधारावर उभा होता. साडभाऊंचं मूळ गाव कामठा. तिथे धानाची शेती होती, घर होतं, धाकटा भाऊ सगळं बघायचा आणि "तुमी गावालेच या" म्हणून दर दिवाळीला मागे लागायचा. पण हे गिरणीने दिलेल्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हते. खोल्यांच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की समोर मैदान होतं.

बरं, स्वतः त्यांनी कधी चेंडूला पाय लावल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. एकदा सामना ऐन रंगात असताना चेंडू सीमारेषा ओलांडून थेट त्यांच्या पायाशी येऊन थांबला. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. साडभाऊंनी धोतर सावरलं, दोन पावलं बाजूला सरकले आणि हाक मारली, "अरे, कोनी मारा ना हे!" मी नंतर विचारलं तर म्हणाले, "मास्तर, मी निवडनारा हाओ. निवडनाऱ्यानं मारू नाही."

आणि निवडायचे ते कशावरून, तर निव्वळ ऐकीव माहितीवरून. कलकत्त्याकडून किंवा जबलपूरकडून गाडी आली की हे फलाटावर हजर. गार्ड, ड्रायव्हर, पाणी देणारा, ज्याला म्हणून चार गावची हवा लागली आहे त्या प्रत्येकाला गाठून, तुमच्याकडे डाव्या पायाचा कोण आहे, ही चौकशी. अशाच एका गार्डाच्या सांगण्यावरून त्यांनी जबलपूरचा एक लेफ्ट आऊट आठ महिने लावून धरला होता. त्याची चाल, त्याची वळणं, त्याने कॉर्नरवरून मारलेले गोल, सगळं मला तोंडपाठ झालं. पुढे दुसऱ्या गार्डाकडून कळलं की ते गृहस्थ आता नातवंडं खेळवतात. मला वाटलं, आता तरी सुटलो. साडभाऊ म्हणाले, "म्हनजे अनुभव हाये."

या वादांना काळवेळ नव्हती. आमचे सासरे गेले तेव्हा तिरडीला देवरीकडचा एक दूरचा पाहुणा खांदा द्यायला होता. अंघोळ करून ओल्या धोतरांनी आम्ही घाटावर उभे होतो, मला खरोखर भडभडून आलं होतं, आणि साडभाऊ माझ्या कानाशी लागले, "तो देवरीचा पाव्हना पाहाला का तुमी? मसनापावतर खांदा बदलवला नाही त्यानं. फुलबॅक हाये तो." मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. साडभाऊंशी नव्हे, माझ्याशी.

त्यांच्या तोडीला तोड एकच होता, दवाखान्यातला कंपाउंडर. साडभाऊंनी बूट घालून खेळणारा सुचवला की कंपाउंडर अनवाणी खेळणारा काढायचा. दोघं हातघाईवर यायचे, एकमेकांच्या खेळाडूंच्या आईबापांचा उद्धार करायचे, आणि ज्यांच्यावरून हे सगळं चाललंय ते दोन खेळाडू आपापल्या गावी सुखाने झोपलेले असायचे. मी मधे बसून मान हलवायचो. चौदा वर्षं मी मान हलवली. कुठल्याही नावाला मी कधी होही म्हटलं नाही की नाहीही.

खरी अडचण खेळाडूची नव्हतीच, खुर्चीची होती. आमचा क्लब काही कुणाला पगार देत नसे. खेळाडू आणायचा म्हणजे त्याला गावात नोकरी लावून द्यायची, आणि ती नोकरी शेठजींच्या गिरणीत. त्यामुळे गिरणीचा कारभारही फुटबॉलच्या धोरणाने चाले. दोन्ही बॅक हमालीत होते, लेफ्ट इन भुशाच्या कोठीवर होता, आणि फाटकावरचा म्हातारा चौकीदार हा एके काळचा आमचा गोलकीपर. एका सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला तेव्हापासून तो फाटकाशी स्टुलावर बसून राही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास रेल्वेच्या टीमने आम्हाला लागोपाठ दोन वर्षं असं काही हरवलं की गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. मधल्या फळीत आमच्याकडे माणूसच नव्हता. आणि नेमका त्याच वेळी बिलासपूरचा एक सेंटर हाफ यायला तयार झाला. या खेपेला ऐकीव काही नव्हतं. साडभाऊ रजा काढून, स्वतः गाडीत बसून, त्याला खेळताना बघून आले होते. आश्चर्य म्हणजे कंपाउंडरलाही तो पसंत होता. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला जरा भीतीच वाटली.

गिरणीच्या ओसरीवर बैठक बसली. शेठजींनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. म्हणाले, "बाबू लोग, लड़ाई का टाइम है. नयी कुर्सी नहीं बनेगी. एक उठेगा, तो एक बैठेगा."

कंपाउंडर म्हणाला, "त्या चौकीदाराले काढा ना. तसाबी तो झोपूनच राह्यते."

"त्याले काऊन?" साडभाऊ एकदम ओरडले. "गुडघा कोनासाठी फोडला त्यानं? तुह्यासाठी का माह्यासाठी?"

एवढं बोलून साडभाऊ गप्प बसले. ते गप्प बसले की काय होतं याचा आम्हाला अनुभव नव्हता, म्हणून बैठक तशीच उठली.

तिसऱ्या दिवशी गिरणीच्या खोल्यांसमोर बैलगाडी उभी दिसली. गाडीत भांडी, गाद्या, उलटी ठेवलेली बाज. साडभाऊंनी काटा सोडला होता. खुर्ची गेली तशा खोल्याही गेल्या; आता त्यांत बिलासपूरवाला राहणार होता. माझी मेव्हणी जात्याला दोर बांधत होती. मला बघून म्हणाली, "लोक जुव्यात घर हारतेत मास्तर, आमच्या घरच्यानं सेंटर हाफात हारलं." पण तिच्या बोलण्यात मी समजत होतो तेवढा राग नव्हता. साडभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक करजा. खुर्ची कोनाची होती हे त्याले सांगू नका. पाय जड होतीन त्याचे."

गाडी कामठ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसाचं सगळं आयुष्य या वादात होतं. गिरणीत नाही, घरात नाही, खेळात तर नाहीच नाही. आणि तो वाद जिंकायला म्हणून त्याने वाद घालायची जागाच सोडून दिली होती. आता गावात सेंटर हाफ असणार होता आणि साडभाऊ नसणार होते.

बिलासपूरवाला आला आणि खरोखर चांगला निघाला. रेल्वेविरुद्धच्या सामन्याला साडभाऊ कामठ्याहून चिखलातून सायकल रेटत आले. आम्ही एका गोलाने जिंकलो. लोकांनी बिलासपूरवाल्याला खांद्यावर घेतलं, कंपाउंडर तर लहान मुलासारखा रडला. साडभाऊ लांब कोपऱ्यात उभे होते. मी जाऊन भेटलो तर म्हणाले, "धानाचा रोवना राहून राहिला मास्तर, रोपं सुकतीन, निघतो." आणि गेले.

माझ्या संध्याकाळी आता शांत झाल्या. पायांवर पाणी घ्यावं, ओसरीवर बसावं, कुणी काही विचारत नसे. ज्या शांततेसाठी चौदा वर्षं मी देवाला साकडं घातलं, ती मिळाली आणि मला ती सोसेना. खोटं कशाला सांगू, साडभाऊंची मला फार आठवण येई. कंपाउंडर एकदोनदा येऊन बसला, पण त्यालाही विरोधाला कुणी नसल्यामुळे तो लौकर उठून जाई.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता बातमी आली. ज्या रेल्वेला आम्ही हरवलं, त्या रेल्वेनेच बिलासपूरवाल्याला कायमची नोकरी देऊन उचललं. एका सकाळी तो गावातून गेलासुद्धा. मी संतापून शेठजींकडे गेलो. ते भले गृहस्थ. म्हणाले, "मास्टरजी, काटा खाली है. बाबूजी को वापस ले आओ." मी तिथूनच सायकल काढली. कामठ्यापर्यंतच्या वाटेत, ही गोष्ट साडभाऊंना कोणत्या शब्दांत सांगावी याचीच जुळवाजुळव करत होतो.

ते शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते. धान निसवून कणसं भरत आली होती. मी सांगायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "माहीत हाये. इथं येऊन गेला तो. गिरनीतल्या हमालायनं सांगतलं होतं त्याले, खुर्ची कोनाची ते. पायावर डोकं ठेवून रडत होता. म्हने, बाबूजी, आप बोलो तो नहीं जाता."

"मग?"

"मंग काय? मीच म्हटलं, जाय. रेल्वेची नोकरी कोनी सोडते का? लेकरंबाळं हायेत त्याले."

"आणि तुमचं काय, साडभाऊ?" माझा आवाज चढला. "घर गेलं, नोकरी गेली, आता तोही गेला! पण जाऊ द्या ते. शेठजींनी बोलावलंय तुम्हाला. काटा रिकामा आहे. चला, आजच चला. माझी ओसरी ओस पडलीये."

शेवटचं वाक्य मी बोलणार नव्हतो, पण बोलून गेलो. साडभाऊंनी माझ्याकडे निरखून बघितलं. त्यांचे डोळे किंचित ओले झाल्यासारखे वाटले. धानाचं एक कणीस ओढून ते दाणे चोळत बसले. मग म्हणाले, "काटा खाली हाये म्हनता?"

"हो."

"मंग त्याच्यावर माह्यासारखा म्हातारा बसवून कायले वाया घालवता? मधात मानूस नाही ना आपल्याकडं."

भांडायला मला त्राण नव्हतं. ऊन उतरत होतं, लांब कुणीतरी बैलांना हाकत होतं. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो. आणि मग, कसं कोण जाणे, मीच म्हणालो, "नवेगाव बांधकडचा एक पोरगा आहे म्हणतात. ढिवराचा, तळ्यावर मासे धरणाऱ्यांतला. अनवाणी खेळतो."

साडभाऊ ताडकन माझ्याकडे वळले. "अनवानी? त्या कंपाउंडरनं तुमाले बिघडवलं मास्तर. चिखलात काय करन तो?"

"चिखलातच वाढलाय तो," मी म्हणालो.

दिवस मावळेपर्यंत आम्ही भांडलो. निघताना ते धुऱ्यावरून माझ्यासोबत रस्त्यापर्यंत आले आणि म्हणाले, "बरं, आना मंग त्याले." साडभाऊंना परत आणायला गेलेला मी एकटाच गोंदियाला परतलो आणि तसाच शेठजींकडे जाऊन काट्यासाठी त्या पोराचं नाव सांगितलं.