पेढे देताना सांगितलेलं नाव

बायको म्हणते, "आता कशाला उकरून काढता?" मुलगाही फोनवर म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना." नाही जाऊ देणार. लिहिणार.

ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यात मी देखभाल विभागात होतो. मुलगा ऑस्ट्रेलियाला शिकायला गेला, तेव्हा मस्कतच्या रुवी भागातून पेढे मागवून कॉलनीत वाटले. पहिल्याच दारात प्रश्न आला, "कुठलं विद्यापीठ?" तो गेला होता एका लहान, कुणी न ऐकलेल्या विद्यापीठात, भूजलशास्त्र शिकायला. मी त्याच शहरातल्या बड्या विद्यापीठाचं नाव ठोकून दिलं. मग दारोदार तेच सांगावं लागलं.

शेजारी एक चिनी इंजिनियर राहायचा. दोन वर्षांनी त्याच्या मुलीची विद्यापीठात जायची वेळ आली. बापलेक दोघं विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची छापील यादी घेऊन माझ्याकडे आले. शंभराच्या खालची नावं त्याने लाल पेनने खोडली होती.

"चीनला परत गेल्यावर नोकरी देणारे आधी हा आकडा बघतात," तो म्हणाला.

एका खोडलेल्या नावाभोवती मुलीने पेन्सिलीने गोल केला होता. माझ्या मुलाचंच विद्यापीठ.

"हिला पाण्याचं शिकायचंय. इथले फलज बघून वेड लागलंय," बाप म्हणाला. डोंगरातलं पाणी खजुराच्या बागांत आणणारे ते जुने पाट तिला आम्हीच दाखवले होते.

"अंकल, तुमचा मुलगा त्याच शहरात आहे. त्याला विचारा ना!"

"याद्या कुणीही छापतं," बाप म्हणाला. "ओळखीच्या माणसाचा शब्द वेगळा. तुम्ही चांगलं म्हणालात, तर पाठवतो."

विचारायची गरजच नव्हती. मुलगा दर शुक्रवारी फोनवर तिथल्या शिक्षकांचं कौतुक करायचा. पण मला कसं माहीत, हे सांगताना पेढ्यांच्या वेळचं खोटं उघडं पडलं असतं.

"तिथलं फारसं बरं ऐकलं नाही," मी म्हणालो.

मुलीने माझ्याच टेबलावरचं खोडरबर घेऊन तो गोल पुसला. गेली यादीत वर असलेल्या एका बड्या विद्यापीठात, व्यवस्थापन शिकायला.

पहिल्या सुट्टीत भेटली. "कसं आहे?" मी विचारलं.

"क्रमांक चांगला आहे, अंकल."

हे मी आधी त्या बापलेकींना पत्राने कळवलं, मगच इथे लिहितोय. उत्तर आलेलं नाही. मागायचा मला हक्कही नाही. आणि ज्यांनी ते पेढे खाल्ले, त्यांनी ऐकावं: माझा मुलगा त्या लहान विद्यापीठात शिकला, उत्तम शिकला. हसायचं असेल तर मला हसा.