सूर्य-चंद्राचा तक्ता

वीसेक वर्षांपूर्वी मी दक्षिण लंडनमधल्या एका क्लिनिकमध्ये अपस्माराच्या पेशंटांबरोबर काम करत होते. गोळ्या वेळेवर कशा घ्यायच्या, फिट आली की नोंद कशी ठेवायची, हे लोकांना शिकवायचं आणि त्याचा उपयोग होतो का ते तपासायचं, हे माझं संशोधन. पेशंट सगळे स्पॅनिश बोलणारे, कोलंबिया, बोलिव्हियाकडून आलेले. पुण्याहून आई फोनवर विचारायची, ‘‘आपली माणसं संपली का गं तिथली?’’ आपली माणसं ईलिंगला माझ्या शेजारीच राहत होती. पण फिटचं नाव काढलं की चहा टाकायला उठत. हे लोक निदान बोलत तरी होते.

मला वेळेचं वेड. नऊची अपॉइंटमेंट म्हणजे नऊ. सव्वानऊला कुणी आलं की माझ्या कपाळावर आठ्या, आणि आमच्या दुभाषी बाई, वयाने माझ्या आईएवढ्या, हळूच माझ्यापुढे कॉफी आणून ठेवत.

सगळ्यांना वाचता येईलच असं नाही, म्हणून मी तक्ता चित्रांचा केला होता. सकाळच्या गोळीपुढे सूर्य, संध्याकाळच्या गोळीपुढे चंद्र, फिट आली तर लाल टिंब. सूर्य मी स्वतः काढला होता, किरणांसकट. मीटिंगमध्ये तो सगळ्यांनी वाखाणला आणि मी दोन दिवस हवेत होते.

त्या ऑक्टोबरात बोलिव्हियाची एक बाई आली. पहाटे ऑफिसं साफ करायला जायची, आठनंतर घरी परतायची. मुलगी नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. शाळा दहा मिनिटांवर. पण बाईला एकदा बस स्टॉपवर फिट आली, तेव्हापासून नवऱ्याने सांगून ठेवलं होतं की फिट्स थांबेपर्यंत मुलीला तिने एकटीने न्यायचं नाही. तो स्वतः सोडायचा आणि रोज कामावर उशिरा पोचायचा. आमच्या फॉर्मवर ‘उद्दिष्ट’ असा एक रकाना होता. लोक तो बहुधा कोराच ठेवत. हिने लिहून घ्यायला लावलं: मुलीला शाळेत सोडायचंय. ते मला फार आवडलं.

डिसेंबरपर्यंत तिच्या तक्त्यावर एकही गोळी चुकलेली नव्हती. प्रत्येक सूर्यावर खूण, प्रत्येक चंद्रावर खूण. आणि लाल टिंबं मात्र वाढत चाललेली, सगळी सकाळची. मला वाटलं, खुणा खोट्या आहेत. वेटिंग रूममध्ये बसून घाईघाईने भरलेले तक्ते मी पाहिले होते. दुभाषी बाईंना म्हटलं, तिला जरा स्पष्टच विचारा. त्यांनी माझ्यापेक्षा पुष्कळ मऊ शब्दांत विचारलं असावं, कारण ती रागावली नाही. तिने तक्ता माझ्याकडे वळवला आणि सूर्यावर बोट ठेवलं. कामाला निघताना अंधार असतो, म्हणून तेव्हा गोळी नाही. परत येताना उजाडलेलं असतं, मग घरी पोचून सूर्याची. दुपारी चारला रस्त्यावरचे दिवे लागले की चंद्राची.

‘‘सूर्य तर इथे दिसतच नाही,’’ ती म्हणाली, ‘‘पण उजेड झाला की घेते. तुम्ही काढलंय तसंच करते, डॉक्टर.’’

मी डॉक्टर नव्हते, आणि त्या क्षणी तर मुळीच नव्हते. बारा तासांच्या अंतराने घ्यायची गोळी ती सकाळी साडेआठला आणि दुपारी चारला घेत होती. तिथून पुढे दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत औषध उतरत जायचं, आणि नेमकी मुलीच्या शाळेच्या वेळेला फिट यायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लंडनचे इतके हिवाळे काढूनही माझ्या डोक्यातला सूर्य पुण्याचाच होता.

मी तिची माफी मागितली. दुभाषी बाईंनी ती बरीच लांबवून सांगितली. मग नर्सला बोलावून वेळा ठरवल्या: पहाटे साडेतीनला दात घासताना एक, दुपारी साडेतीनला मुलगी शाळेतून आली की दुसरी, आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलचा गजर. सूर्य-चंद्र खोडून तिथे तिने स्वतः ब्रश आणि दप्तर काढलं. ब्रश माझ्या सूर्यापेक्षा चांगला आला होता. पुढच्या मीटिंगमध्ये मी चूक सांगितली तेव्हा लाज वाटली, पण हसू जास्त आलं. तक्ता सगळ्यांसाठीच बदलला.

मार्चअखेर तिची शेवटची भेट होती. जानेवारीपासून एकही लाल टिंब नाही, हे नर्सकडून कळलं होतं. मी सकाळी नऊची वेळ दिली. आदल्या दिवशी दुभाषी बाईंचा फोन आला की ती नऊला येणार नाही. मी सवयीने विचारलं, का म्हणून? पत्र तर केव्हाच गेलंय.

‘‘नऊला ती शाळेच्या फाटकाशी असते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘नवरा आता सरळ कामाला जातो.’’

मी डायरीतले नऊ खोडून साडेदहा लिहिले. इतका आनंद मला संशोधनाचा अहवाल छापून आला तेव्हाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पावणेअकराला आली. फाटकाशी इतर आयांशी बोलता बोलता उशीर झाला, म्हणाली. मी कॉफी आणायला उठले, तिच्यासाठी.