कोथिंबिरीचं म्हणून खपवलेलं पनीर

सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हा ते सातपूरच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची मागे लागली. "पालेभाज्या एकदम वाढवू किंवा तोडू नका, त्यानं गोळीचा असर कमी-जास्त होतो, हिशोब चुकतो," असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. तशीही पालेभाजी दिसली की बाबा ताटच सरकवायचे.

पुढे त्यांचं जेवण फार तुटलं. पनीर तेवढं आवडीनं खायचे. महिला मंडळात एका बाईंनी भाज्या घालून पौष्टिक पनीर करायला शिकवलं होतं. मळेवाली दारावर यायची, तिच्याकडून पालक आणि शेवग्याचा पाला घ्यायचा, वाटून फाडलेल्या दुधात कालवायचा आणि फडक्यात बांधून वजनाखाली ठेवायचा, हे मी रोज सुरू केलं.

"हिरवं कशानं गं?" त्यांनी विचारलं.

"कोथिंबीर आहे, बाबा."

ते मिटक्या मारत खायचे. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

महिन्याच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं.

"पालेभाजी खाताय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हात लावत नाही. विचारा हिला."

मी मान डोलावली. डॉक्टरांनी गोळी वाढवली.

घाबरून दुसऱ्या दिवसापासून मी साधं पनीर करायला लागले. वाटलं, निस्तरलं. गोळी मात्र वाढवलेलीच चालू आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दहा-बारा दिवसांत बाबांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर निळे डाग उठले. दवाखान्यात जाताना रिक्षात मी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांपुढे मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पालक खात होतो मी. तुमच्यापासून लपवलं. आता सोडलाय."

डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच रागावले. मी तेव्हाही गप्प राहिले.

तीन दिवस दवाखान्यात राहून ते घरी आले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, माझ्या नवऱ्यालाही कळू दिली नाही. पुढची आठ-नऊ वर्षं माझ्याच हातचं जेवले. फक्त पहिला घास घेण्याआधी शांतपणे विचारायचे, "यात काय काय आहे?"

मी एकेक जिन्नस सांगायचे. मीठसुद्धा.