आधी कुठली पाकळी पडते

चहा बशीत ओतला की लवकर का निवतो, या प्रश्नावरून मी एकदा एका अनोळखी माणसाला 'तुम्ही शाळेत गेला होतात का?' असं विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं, "गेलो होतो. पण आमच्या बाई प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला वेळ द्यायच्या." चारकोपच्या माझ्या स्वयंपाकघरात, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन मी एकटीच खो खो हसले. पोळी करपली.

हा फोनवरचा एक ग्रुप होता. रोजच्या जगण्यातले विज्ञानाचे प्रश्न विचारायचे आणि ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचं, असा त्याचा साधा हेतू होता. मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते, घराजवळच क्लास आहे. माझी मुलं एकच प्रश्न विचारतात, 'हे परीक्षेला येणार का?' आणि इथे मोठी, कामाधंद्याची माणसं विचारत होती की गरम आमटी भरलेला डबा गार झाल्यावर उघडत का नाही, दूध आपण पाठ फिरवली की लगेच कसं उतू जातं. मला तर पंचपक्वान्नांचं ताट वाढल्यासारखं झालं. क्लासमधून आले की चप्पल काढायच्या आधी मी फोन काढायचे.

गंमत अशी की प्रश्न कुठलाही असो, चार उत्तरं झाली की देव यायचाच. उदबत्तीचा धूर आधी सरळ वर जातो आणि मग वळतो, ते का, असं मानखुर्दच्या एका बाईंनी विचारलं. मी हवेच्या प्रवाहावर छान समजावून सांगितलं. लगेच कुणीतरी लिहिलं की मन स्थिर असेल तर धूर वळत नाही. दुसऱ्याने पुरावा मागितला. तिसऱ्याने त्याचे संस्कार काढले. जेवणाची वेळ होईपर्यंत उदबत्ती राहिली बाजूला आणि धूर सगळ्यांच्या कानांतून निघत होता. मी त्यात पुढे असायचे हे सांगायला नकोच. माझा पारा चढायला काडीसुद्धा ओढावी लागत नाही.

माझा ठरलेला प्रतिस्पर्धी म्हणजे तो बशीवाला. स्वतःच्या फोटोच्या जागी त्याने सोललेल्या नारळाचा फोटो लावला होता, म्हणून मी त्याला नारळ म्हणायचे. घाटकोपरला राहतो एवढंच माहीत होतं. देवावर गाढ श्रद्धा, बोलणं अतिशय नम्र, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एकच वाक्य: 'पटलं नाही तर सोडून द्या.' या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सोडून कशाला द्या? भांडा ना नीट!

तर असं सगळं मजेत चाललं असताना आईचे गुडघे आले.

आई माझ्याकडेच राहते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली बिल्डिंगच्या दाराशी एक कट्टा आहे आणि संध्याकाळी तिथे बायकांची बैठक बसते. त्या बैठकीची आई बिनविरोध अध्यक्ष. कोणाची सून कशी आणि कोणाचे पापड का तुटले, याचा निकाल तीच द्यायची. पण गुडघे इतके झिजले की खाली उतरली तर वर चढता येईना. मग तिने उतरणंच बंद केलं. खिडकीत खुर्ची टाकून ती वरून ओरडून अध्यक्षपद चालवू लागली, पण खालच्या बायका हळू बोलल्या की तिला काही ऐकू यायचं नाही. मान पुढे काढून नुसती बघत बसायची. मला ते बघवत नव्हतं.

बोरिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, एकेक करून. "दोन्ही सारखेच झिजलेत आजी, आधी कुठला करायचा ते तुम्ही ठरवा," असं म्हणून ते हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "देवाक विचारल्याशिवाय मी काय एक करूचंय नाय."

आमचं गाव मालवणच्या बाजूचं. तिथे गावच्या देवाला कौल लावतात. म्हणजे देवळातला गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. घर बांधायचं, मुलगी द्यायची, जमीन विकायची, सगळं त्या पाकळ्यांवर.

डावी पडली तर संपलंच. आईने देवाचा शब्द आजवर मोडलेला नाही. ती जन्मभर त्या खिडकीत बसून राहिली असती, आणि मी रोज क्लासहून येताना खालून मान वर करून तिला बघितलं असतं. मी घाबरले होते. आणि घाबरले की मी भांडते.

म्हणून मी ग्रुपवर प्रश्न टाकला. आईचा उल्लेख न करता विचारलं, 'उभ्या दगडावर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवल्या तर आधी कुठली पडेल, आणि का?'

काय विचारता! सगळा ग्रुप उठून कामाला लागला. मानखुर्दच्या बाईंनी फ्रिजच्या दारावर कडुलिंबाची पानं चिकटवून फोटो टाकला. पवईचा एक इंजिनिअर होता, त्याने बाण काढून आकृती पाठवली. वजन खाली, पाण्याची ओढ आत, वाऱ्याचा धक्का आडवा. कुणी पंखा लावून बघितला, कुणी बंद करून. मग कुणीतरी विचारलं, उजवी म्हणजे कोणाची उजवी, देवाची की बघणाऱ्याची? त्यावर अशी जुंपली की पाकळ्या कुणाच्या लक्षातच राहिल्या नाहीत. एक गृहस्थ रागाने ग्रुप सोडून गेले आणि निकाल काय लागला ते बघायला परत आले.

मी स्वतः बाथरूमच्या टाइलवर जास्वंदीच्या पाकळ्या लावून बसले होते. आई भिंत धरत दारापर्यंत आली.

"न्हाणयेत काय करतंस गो इतको वेळ?"

"प्रयोग."

तिने टाइलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जास्वंदीची नको लावू. जड असता ती," एवढं म्हणून भिंत धरत परत गेली. पुढे काही विचारलं नाही.

माझे निकाल कधी उजवे, कधी डावे येत होते. ग्रुपवरही तेच. शेवटी मी वैतागून खरं काय ते लिहून टाकलं, की हा प्रश्न माझ्या आईच्या ऑपरेशनचा आहे. मग पवईच्या इंजिनिअरने लिहिलं, "सोप्पंय यार. उजवीकडे पाणी कमी लावायला सांग. देव खूश, आई खूश, तू खूश." त्याला धडाधड अंगठे मिळाले. आणि ते जमण्यासारखंही होतं. गावी माझा चुलतभाऊ आहे, गुरवाच्या घरी त्याचं रोजचं उठणंबसणं. एक फोन केला असता तर काम झालं असतं.

तेवढ्यात नारळाचा मला एकटीला मेसेज आला. "बाई, आईंना तुमचं ऐकायचं असतं तर त्यांनी तुम्हाला विचारलं असतं. त्यांनी देवाला विचारलंय. तर त्यालाच सांगू दे. पटलं नाही तर सोडून द्या."

मी फोन सोफ्यावर आपटला. उशी होती म्हणून वाचला. मला झोंबलं होतं, कारण ते खरं होतं. अख्ख्या चारकोपची मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात, अनोळखी माणसं मला डबा का उघडत नाही ते विचारतात, आणि माझ्या आईने मला कधी म्हणून काही विचारलेलं नव्हतं. चुलतभावाला मी फोन केला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. फोन करूनही डावीच पडली तर नारळाला 'बघा, मी म्हणालो होतो' असं म्हणायची संधी द्यायची नव्हती, एवढंच.

रविवारी सकाळी कौल. चुलतभाऊ देवळातून व्हिडिओ कॉल करणार होता. आईने नवी साडी नेसली, फोन गणपतीच्या फोटोला टेकवून ठेवला आणि स्वतः खुर्चीत हात जोडून बसली. माझ्या मांडीवर दुसरा फोन, त्यावर ग्रुप. सगळे जागेवर. मानखुर्दच्या बाईंनी लिहिलं होतं, 'मी पण देवापुढे दिवा लावलाय, तुमचं विज्ञान असू दे.'

गाभारा दिसला, मधे काळा पाषाण, त्यावर पांढऱ्या पाकळ्या. मी म्हटलं, "दादा, आधी तो पंखा बंद कर!" आईने माझ्या मांडीवर चापट मारली. गुरवाने गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढची विनवणी, सुरू केलं. गाऱ्हाण्यात प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी होकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि तिकडचे सगळे. मी दातओठ खात गप्प.

"आज ही तुझी लेक थंय मुंबयत बसान तुका हाक मारता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या दोनय गुडघ्यांचा ऑपरेशन करूचा ठरला हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तर आधी उजवो करूचो काय डावो, तेचो निवाडो तूच कर, म्हाराजा!"

मी ताडकन आईकडे वळले. "ठरलंय? कधी ठरलं? तू तर करायचं की नाही ते विचारणार होतीस!"

"ता कित्याक विचारू?" आई समोरून नजर न हलवता म्हणाली. "दुखता माझा, दिसता माका. करूचा तर लागतलाच."

"मग देवाला मधे कशाला घातलंस?"

"भिया वाटता म्हणान," आई म्हणाली. "आधी खंयचो ता डॉक्टरान माझ्यार सोडल्यान. एकटीच इचार करत बसतंय. कोणीतरी सांगूक होया ना गो."

मला हसू आलं आणि रडूही आलं. नेमकं काय करायचं ते न कळून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "व्हय म्हाराजा!" शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. आई दचकली आणि मग पदरात तोंड खुपसून हसत सुटली. आम्ही दोघी हसतोय तोच स्क्रीनवरचं चित्र थिजलं. पाकळ्या जिथल्या तिथे, गुरवाचं तोंड उघडं, नेटवर्क गायब. ग्रुपवर सगळे विचारत होते, पडली का, पडली का? मी आयुष्यात कुठल्याही प्रयोगाची इतक्या आनंदाने वाट बघितलेली नाही. काहीही पडो, आई खाली उतरणार होती!

चित्र परत आलं तेव्हा आमच्या डाव्या बाजूची पाकळी खाली पडलेली होती. आता कोणाची उजवी? चुलतभाऊ म्हणाला, देवाची. ग्रुपवर पवईचा इंजिनिअर म्हणाला, थांबा, कॅमेरा पुढचा होता की मागचा? पुढच्या कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं. मी लिहिलं, ते ज्याचं त्यालाच उलटं दिसतं, पलीकडच्याला सरळच दिसतं, शाळेत गेला होतास का? बाई परत फॉर्मात आल्या, असं नारळाने लिहिलं. गुरवाने एका वाक्यात निकाल दिला, की देवळात उजवी एकच असते, देवाची. आईने उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लांब श्वास सोडला. त्या दिवशी ती दोन वाट्या खीर जेवली.

ऑपरेशनच्या सकाळी मात्र तिचा चेहरा पांढरा पडला होता. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यावर पेनाने खूण केली, ती तिने तपासून घेतली. थिएटरकडे ट्रॉली निघाली तेव्हा तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. मी दुसऱ्या हाताने तिची चादर उगाचच सारखी करत राहिले.

"काय गो," आई म्हणाली, "ती पाकळी पडता कशी, ता सांग माका."

"आत्ता?"

"मगे कधी? खाली गेल्यावर बायकांक सांगूचा लागतला."

मला कळायला थोडा वेळ लागला. आई मला विचारत होती. ट्रॉलीबरोबर चालत चालत मी सुरू केलं. "पाकळी आणि दगड, दोघांच्या मधे पाण्याचा पातळ थर असतो."

"व्हय म्हाराजा," आई बारीक आवाजात म्हणाली.

ट्रॉली ढकलणारा माणूस हसला.

"तो थर दोघांना धरून ठेवतो."

"व्हय म्हाराजा." या वेळी तो माणूससुद्धा तिच्याबरोबर म्हणाला.

"मग हळूहळू पाणी वाळतं. थर कडेकडेने सुटत जातो."

"व्हय म्हाराजा!" आता नर्सही सामील झाली होती.

थिएटरचं दार आलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. आईचा हात सुटला, ट्रॉली आत गेली, दार लागलं. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी दाराला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "आणि मग पाकळीचं वजन त्याला पेलवत नाही, म्हणून ती पडते!"

आतून आईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"