रंगाखालचं लोखंड

ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीपुढे एक ट्रेलर उभा होता. पासिंगसाठी नुकताच रंगवलेला, मागच्या फळीवर झोकदार मोर. परवा घाटात याच मोराने मला न कळवता ब्रेक मारला आणि माझी स्कूटर आडवी झाली; तिचाच फुटलेला दिवा बदलायला मी आलो होतो. ट्रेलरचे ब्रेकचे दिवे लागतच नव्हते. बल्ब, फ्यूज सगळं बदलून झालं होतं. शेवटी टपरीवाले म्हातारे सलीमचाचा ट्रेलरखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "अरे, रंगावरच अर्थिंगची वायर आवळलीय! लोखंडाला टेकलीच नाही, तर करंट जाणार कुठून?"

माझं डोकंच फिरलं. मोराचा पिसारा डोळा न् डोळा रेखला, आणि मागच्या माणसाचा जीव रंगाखाली गाडला! आमच्याकडे सगळं असंच. साहेब येणार म्हटलं की दवाखान्याच्या भिंती रंगतात, आतला नळ कोरडाच.

चाचांनी पॉलिश पेपरने नाण्याएवढा रंग खरवडला, वायर पुन्हा आवळली. दिवे लालभडक पेटले. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "चाचा, लोखंड उघडं दिसतंय. वरून रंगाचा एक हात मारा ना, मालक ओरडतील."

मी पँट वर करून त्याला सोललेला गुडघा दाखवला. "हा पण उघडाच आहे," म्हटलं, "मार याच्यावरही एक हात."