वरती विचारायचं नसते

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात घरी बसून इंग्रजीचं स्पॅनिश करते, हे आमच्या गल्लीत अजून कोणाला पटत नाही. आईनं शेजारच्या बायांना सांगून टाकलंय, "पोरगी काम्पुटरवर काईतरी करते." तेव्हा तर ते कामही नव्हतं, नुसती परीक्षा होती. एका परदेशी कंपनीनं नमुन्यादाखल काही शब्द पाठवले होते. जमलं तर घरूनच कायमचं काम, नाही तर पुण्याची नोकरी धरायची. मला जायचं नव्हतं. बाबांनाही मी जायला नकोच होतं, पण ते असं तोंडानं थोडंच म्हणणार!

शब्द सगळे सुटे, मागेपुढे वाक्य नाही. त्यात एक होता 'चार्ज'. मोबाइल चार्ज करायचा तर स्पॅनिशमध्ये 'कार्गार', पैसे आकारायचे तर 'कोब्रार', कोणावर आरोप ठेवायचा तर 'आकुसार'. आता यातलं काय लिहू, कपाळ माझं?

"चार्ज म्हणजे पदभार," बाबा पेपरातून डोकं काढून म्हणाले. जन्म सरकारी नोकरीत गेलेला. "चार्ज घेतेत, चार्ज देतेत. याच्यात सोचायसारखं काय हाय?"

"मी कंपनीलाच विचारते, बाबा."

ते खुर्चीतून अर्धे उठले. "पागल झाली का? वरती विचारायचं नसते! विचारलं का त्यायले वाटते, हिले काई येत नाही. चुपचाप एक लिहून दे."

मी ऐकत नाही म्हटल्यावर, "विचारायचंच असन तं कायद्यानं विचार," म्हणून 'सविनय निवेदन है कि' पासून मजकूर सांगायला बसले. साहेबांचा कीमती समय, क्षमाप्रार्थना, सगळं आलं, मूळ प्रश्नाचा पत्ताच नाही. माझं डोकं सणकलं. "बाबा, मी बदली मागत नाहीये, एका शब्दाचा अर्थ मागतेय!"

"बदली तरी कुठं मागतली यायनं?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "थोड्या दिवसासाठी म्हणून तिकडं उकव्याच्या हापिसात धाडलं, अन् पोरगी शाळेत जायले लागली तरी तिथंच. वापस कधी आणता, एवढं तरी विचारलं का कोणाले?"

बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मला ते दिवस आठवतात. रविवारी ते उकव्याच्या बसनं यायचे आणि मी कोणी पाहुणा आला म्हणून आईच्या मागे लपायची.

मी दोन ओळींत विचारून टाकलं. बाबा अंगणात येरझाऱ्या घालायला लागले आणि दर फेरीला खिडकीशी थांबून म्हणायचे, "आलं का काई? गेलं समज तुहं काम."

संध्याकाळच्या चहाआधी उत्तर आलं. बॅटरीच्या स्कूटरसाठीचं बटण होतं ते, म्हणजे 'कार्गार'. विचारलंत हे बरं केलंत, असं लिहून त्यांनी पुढचं, पगारी कामही सोबतच पाठवलं होतं. मी ओरडलेच. आईनं देवापुढे साखर ठेवली.

बाबांनी चष्मा लावून उत्तर वाचलं, मग पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, माह्यासारखा अर्ज लिहिला असता तं पगार बी वाढवला असता. पण ते स्टूल ओढून शेजारी बसले.

"रागावला नाही साहेब?"

"नाही, बाबा."

त्यांनी पडद्यावरच्या उत्तराकडे बोट केलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे विचारलं का सांगतेत?"